घर आपलें, जमीन कोणाची ?

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांनीं आयुष्याची पुंजी घालून एखादा गाळा विकत घेतला असेल. करारनामा कपाटांत जपून ठेवला असेल, कर्जाचे हप्तेहि फिटत आले असतील. अशा वेळीं “हें घर कोणाचें ?” असें मीं विचारलें, तर आपण मला हंसाल. पण त्याला जोडून दुसरा एक प्रश्न आहे. ज्या जमिनीवर तें घर उभें आहे, ती जमीन कोणाची ? या प्रश्नाचें उत्तर ज्यांना देतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं आजचें हें भाषण आहे. कित्येक वर्षें मीहि त्यांच्यापैकींच एक होतों.

आमची इमारत पुण्याच्या एका उपनगरांत आहे. तळमजल्यावरचीं चार दुकानें धरून एकंदर २४ गाळे. सन २००४ मध्यें आम्हांला ताबा मिळाला. “संस्थेचें काम लवकरच करून देतों,” असें सांगून बांधणारे गृहस्थ जे गेले, ते पुन्हां फिरकले नाहींत. जिन्यांतील दिव्याचें बिल एकानें भरावें, झाडणाऱ्याचा पगार दुसऱ्यानें गोळा करावा, असा कारभार पंधरा वर्षें चालला. सन २०१९ च्या उन्हाळ्यांत पाण्याच्या पंपाची मोटार जळाली. वर्गणी मागावयास गेलों, तर अकरा जणांनीं दिली, बाकीचे म्हणाले, “तुम्हांला मागण्याचा अधिकार कोणीं दिला?” तीन दिवस नळाला पाणी नव्हतें. तिसऱ्या मजल्यावरच्या सत्तरी उलटलेल्या आजीबाई हातांत कळशी घेऊन जिना चढतांना मीं पाहिल्या आणि त्या प्रश्नाला आपल्यापाशीं खरोखरच उत्तर नाहीं, हें मला कळून चुकलें.

त्याच आठवड्यांत मीं जमिनीचा सातबारा काढून आणला. त्यावर आमच्यापैकीं एकाचेंहि नांव नव्हतें. मूळ शेतमालकाचें नांव तसेंच कायम होतें. “आधीं वाचा, मग सही करा,” असें मीं मुलांना जन्मभर सांगत आलों. पण स्वतःच्या करारनाम्याचीं शेवटचीं पानें मात्र मीं वाचलीं नव्हतीं. दोष दुसऱ्या कोणाला द्यावा ?

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. मालकी हक्काच्या गाळ्यांसंबंधीं महाराष्ट्रांत सन १९६३ चा कायदा आहे. लोक त्याला ‘मोफा’ म्हणतात. संस्थेस आवश्यक तितक्या लोकांनीं गाळे घेतले, कीं चार महिन्यांच्या आंत बांधणाऱ्यानें संस्थेच्या नोंदणीचा अर्ज केला पाहिजे. आणि करारनाम्यांत दुसरी मुदत ठरलेली नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नांवें खरेदीखतानें करून दिली पाहिजे. नव्या इमारतींना सन २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, लागू आहे व त्याच्या मुदती निराळ्या आहेत. परंतु बांधणाऱ्यानें कर्तव्य केलें नाहीं म्हणून गाळेधारकांचा हक्क बुडत नाहीं, हें तत्त्व ध्यानांत ठेवावें.

सहकारी गृहसंस्था ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईस गांवदेवी येथें सन १९१५ मध्यें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. तिच्यामागें श्रीपाद सुब्राव तळमाकी यांचे परिश्रम होते. तेथें संस्था आधीं जमली आणि घरें मागाहून उठलीं. एकमेकांवर विश्वास असलेलीं माणसें शेजारी झालीं. आमच्यासारख्यांचें याच्या उलट. घरें आधीं झालीं, शेजार योगायोगानें लाभला, आणि संस्था मात्र अनोळखी माणसांतून उभी करावयाची. खरी अडचण कागदांची नसून हीच आहे.

म्हणून पहिलें काम घरोघर जाण्याचें. मला तीन प्रकारचीं उत्तरें मिळालीं. कोणी म्हणे, “इतकीं वर्षें कांहीं अडलें नाहीं.” त्यांना मीं सातबारा दाखविला. कोणाला दरमहा भार वाढेल अशी भीति होती. त्यांच्यापुढें जळालेल्या मोटारीचा हिशेब मांडला. तिसरे विचारीत, “अध्यक्ष कोण होणार ?” त्यांना उत्तर एकच, “सभा निवडील तो.” परगांवीं राहून गाळा भाड्यानें देणाऱ्या मालकांस पत्रें लिहिलीं. कारण संमति लागते ती मालकाची, भाडेकरूची नव्हे.

सभासद किती लागतात ? सहकारी संस्थांच्या सन १९६० च्या कायद्यांत सन २०१९ मध्यें गृहसंस्थांचें स्वतंत्र प्रकरण घातलें गेलें. त्याप्रमाणें निदान पांच व्यक्ति किंवा एकूण गाळेधारकांपैकीं ५१ टक्के, यांतील जी संख्या मोठी ती हवी. २४ गाळ्यांचे ५१ टक्के म्हणजे बारांहून किंचित् अधिक. म्हणून आम्हांला १३ सह्या हव्या होत्या. १९ मिळाल्या.

पुढील क्रम सोपा आहे. इच्छुकांची सभा भरवून मुख्य प्रवर्तक निवडावा; संस्थेचें नांव उपनिबंधकांकडून राखून घ्यावें; बँकेंत खातें उघडून भागांची रक्कम भरावी; नंतर नमुना उपविधी स्वीकारून अर्ज करावा. अर्जासोबत नोंदलेले करारनामे, मंजूर नकाशा, जमिनीचा उतारा व गाळेधारकांची यादी द्यावी लागते. अर्जाचा निकाल दोन महिन्यांत द्यावा असें कायदा सांगतो. बांधणारा सहकार्य करीत नसेल, तर त्याच्या सहीवांचून नोंदणी करण्याची तजवीज आहे. आमची नोंदणी सन २०२१ मध्यें तशीच झाली.

संस्था झाली कीं वाटणीचा प्रश्न येतो, आणि खरीं भांडणें येथेंच होतात. एक दुकानदार म्हणाले, “मी तळमजल्यावर. लिफ्टचा खर्च मीं कां द्यावा ?” प्रश्न रास्त वाटतो. पण नमुना उपविधींत उत्तर स्पष्ट आहे : लिफ्ट वापरा अगर न वापरा, त्या इमारतींतील सर्व सभासदांनीं तिचा खर्च सारखा वांटून घ्यावा. झाडणें, राखण, दिवाबत्ती हा सेवेचा खर्चहि सर्वांस सारखाच. पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येप्रमाणें. नेहमींच्या दुरुस्तीसाठीं बांधकामखर्चाच्या वार्षिक निदान पाऊण टक्का व पुढेंमागें इमारत पुन्हां उभारण्याच्या निधीसाठीं निदान पाव टक्का बाजूस काढावा, असेंहि त्यांत आहे. थकलेल्या वर्गणीवर सरळव्याजानें व्याज आकारतां येतें. लेखी नियम वाचून दाखविला, तेव्हां दुकानदारांनीं पैसे दिले. मी सांगितलें असतें, तर दिले नसते. शेजाऱ्याचें बोलणें मनाला लागतें. सर्वांना सारखाच लागू असलेला नियम तसा लागत नाहीं.

मात्र संस्था झाली म्हणजे जमीन मिळाली, असें समजूं नये. पुष्कळ संस्था येथेंच थांबतात. पुढें इमारत जीर्ण होऊन पुन्हां बांधण्याची वेळ येते, तेव्हां जमिनीच्या कागदावर कोणा परक्याचें नांव निघतें. मूळ मालक वारलेला असतो, त्याचे वारस दहा दिशांना पांगलेले असतात, आणि वाढीव बांधकामाचा हक्क कोणाचा यावर तंटा उभा राहतो. यासाठीं सन २००८ मध्यें ‘मोफा’ कायद्यांत दुरुस्ती झाली. बांधणारा खरेदीखत करून देत नसेल, तर संस्थेनें जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. ते त्याला नोटीस देतात, त्याची बाजू ऐकतात, आणि हक्क शाबीत झाला तर संस्थेस दाखला देतात. त्या दाखल्यावर बांधणाऱ्याच्या सहीशिवाय खरेदीखत नोंदतां येतें. लोक याला ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणतात. या निर्णयास कायद्यानें सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. कागद जमविण्यास लागणारा वेळ निराळा. आम्हांला तो जवळजवळ वर्षभर लागला, कारण चार जणांचे करारनामे गहाळ झाले होते व दुय्यम निबंधकांच्या कचेरींतून त्यांच्या नकला काढाव्या लागल्या.

शेवटीं सातबाऱ्यावर संस्थेचें नांव चढलें. तो उतारा आम्हीं जिन्याच्या फलकावर लावला. आजीबाई चष्मा लावून तो पाहत उभ्या राहिल्या. त्यांचें नांव त्यावर नव्हतें, माझेंहि नव्हतें. पण ज्या संस्थेचें होतें, तिच्या त्या सभासद होत्या.

श्रोतेहो, आपल्या इमारतीची संस्था नसेल, तर या रविवारीं दोन गोष्टी कराव्या. करारनामा अथपासून इतिपर्यंत वाचावा आणि जमिनीचा उतारा काढण्याचा संकल्प करावा. संस्था असेल, तर चिटणिसांना एकच प्रश्न विचारावा : “खरेदीखत झालें आहे काय ?” उत्तर देतांना ते अडखळले, तर त्यांच्यावर रागावूं नये. त्यांच्या मदतीस जावें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.