पडवीच्या दाराची जाळी

दापोली तालुक्यातलं आमचं बुरोंडी म्हणजे जाळ्यांचं गाव. बंदराकडे गेलात तर होडीच्या सावलीत फाटलेलं जाळं सांधत बसलेला कुणी ना कुणी दिसतोच. भोक लहान असतानाच सांधलं नाही तर मासळी हातची जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याच घरच्या पडवीच्या दाराला लावलेली डासांची जाळी पाहा! खालच्या कोपऱ्यात मांजराने पाडलेलं भोक, त्यात कोंबलेला कागदाचा बोळा आणि चौकटीवर ओघळलेला गंज. जाळ्यातून गेलेली मासळी डोळ्यांना दिसते, दारातून आलेला डास दिसत नाही, म्हणून ही हयगय.

ही जाळी म्हणजे शहरी थाट नव्हे. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. पुढे १९०० मध्ये सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत, जाळ्या लावलेल्या लाकडी झोपडीत हिवतापाचा हंगामभर राहिले. दिवसा बाहेर हिंडायचे, सूर्य मावळायच्या आत झोपडीत यायचे. कोयनेलची गोळीही घेतली नाही. आसपासची माणसं तापाने फणफणत होती, हे दोघे ठणठणीत राहिले. घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेली दादी असेल, तर कागदाच्या बोळ्यावर भरवसा ठेवू नये.

आता जाळी कुठली घ्यावी? समुद्राकाठी लोखंडी जाळी घेऊच नका. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो खरा, पण खाऱ्या वाऱ्यापुढे तो टिकत नाही. मग गंज धरतो आणि बोट लावलं तरी तार तुटते. फायबरची जाळी स्वस्त, गंजत नाही, कात्रीने कापता येते; मात्र मांजराच्या नखांपुढे तिचं काही चालत नाही. ऐपत असेल तर स्टेनलेस स्टीलची घ्यावी. त्यातही ३१६ नंबरचं स्टील खाऱ्या हवेत जास्त टिकतं. इंचाला १८ बाय १६ घरांची जाळी डासांना पुरते. ॲल्युमिनियमची जाळी घेतलीत, तर तिला पितळी किंवा तांब्याच्या चुका मारू नका. खाऱ्या दमटपणात दोन धातू एकमेकांना चिकटले की त्यातला हलका धातू झिजतो, आणि इथे ती झीज जाळीच्याच वाट्याला येते.

भोक रुपयाएवढंच असेल तर अख्खी जाळी बदलायचं कारण नाही. तारेच्या जाळीचा भोकापेक्षा इंचभर मोठा तुकडा कापा, चारी कडांच्या दोन-तीन तारा उसवा, टोकं काटकोनात वळवून जाळीतून आरपार घाला आणि मागे दुमडा. फायबरची जाळी असेल तर बारीक तंगूस आणि सुई. हे काम आमच्या गावाला मी काय सांगावं!

पूर्ण जाळी बदलायची तर मे महिन्यात, मृगाच्या आधी बदला. पावसात लाकूड फुगतं, रंगही धरत नाही. दार बिजागरीतून सोडवून आडवं ठेवा. जाळीवरच्या लाकडी पट्ट्या पटाशीने मधूनच उचकटा. टोकाकडून उचकटल्या तर चिरतात. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने नंबर टाका. दिसायला सारख्या असल्या, तरी एकीची जागा दुसरीला बसत नाही (कवितेच्या ओळींचंही तसंच असतं, पण ते असो). जुन्या चुका काढून चौकट घासा, रंग द्या, पुरती वाळू द्या.

खरी मेख जाळी ताणण्यात आहे. हाताने ओढून ती कधीच ताठ बसत नाही. चौकटीच्या दोन्ही टोकांखाली अर्ध्या इंचाच्या फळ्या ठेवा आणि मधोमध दोन्ही बाजूंवर वजन ठेवून चौकट थोडी खाली वाकवा. जाळी चारी बाजूंनी दोन इंच जास्त कापलेली असावी. वरचं आणि खालचं टोक चुकांनी पक्कं करा, मधून कोपऱ्यांकडे जात. मग वजन उचला. चौकट सरळ होताना जाळी आपोआप तबल्यासारखी ताणली जाते. नंतर उभ्या बाजू, शेवटी पट्ट्या, आणि उरलेली जाळी कापून टाका.

ॲल्युमिनियमच्या चौकटीत चुका नसतात. खाचेत रबराची दोरी दाबून बसवलेली असते. जुनी दोरी कडक झाली असेल तर नवी आणा. नमुन्याचा तुकडा दुकानात न्यावा, कारण जाडी थोडी जरी कमी पडली तरी दोरी सुटते. इथे मात्र जाळी फार ओढू नका. पातळ चौकट मध्ये आत वाकते आणि दार लागेनासं होतं.

दार परत चढवलं की बंद करून खाली उजेड येतो का ते पाहा. येत असेल तर तिथे रबराची पट्टी मारा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. आणि दार फक्त तिन्हीसांजेला लावून भागत नाही, डेंग्यूचा डास दिवसाउजेडी चावतो. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा फडका जाळीवरून फिरवा, म्हणजे मीठ साचणार नाही.