दुसऱ्याची टेस्ट, आपला लाल दिवा
सॉफ्टवेअर घडतं कसं? : भाग ९

मागच्या भागात सीआय, म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन, कसं चालतं ते पाहिलं. कोणी कोडमध्ये बदल सुचवला की सर्व्हर तो बांधून बघतो, सगळ्या टेस्ट चालवतो आणि हिरवा किंवा लाल निकाल देतो. टेस्ट फक्त आपल्याच कोडच्या असतील तर लाल निकालाचा अर्थ सरळ असतो. पण अनेक प्रकल्प दुसऱ्यांच्या टेस्टही आपल्या सीआयमध्ये चालवतात. तिथे लाल दिसलं तर चूक कोणाची?

पायथनमधली टायपिंग-एक्स्टेन्शन्स ही लायब्ररी घ्या. पायथनच्या नव्या आवृत्तीत टायपिंगच्या, म्हणजे कोडमध्ये डेटाचे प्रकार नोंदवण्याच्या, ज्या सोयी येतात, त्या जुन्या आवृत्त्यांवरही वापरता याव्यात, एवढंच तिचं काम. मुख्य कोड एका फाइलमध्ये मावतो. मात्र पायडँटिक, एसक्यूएल-अल्केमी, मायपाय ही बडी मंडळी तिच्यावर अवलंबून आहेत, त्यामुळे इथली एक ओळ हलली तरी तिकडे काहीतरी मोडू शकतं. म्हणून टायपिंग-एक्स्टेन्शन्सच्या सीआयमध्ये रोज एक वेगळी फेरी होते. या लायब्रऱ्यांचा कोड उतरवायचा, त्यात आपली ताजी लायब्ररी बसवायची आणि त्यांच्याच टेस्ट चालवायच्या. फेरी फसली की इश्यू आपोआप उघडतो. आपल्या बदलाने शेजाऱ्याचं घर गळतंय का, हे स्वतः जाऊन बघणारे लोक आमच्या धंद्यात फार नाहीत, म्हणून हे विशेष.

या फेरीला दर वर्षी एकदा ठेच लागू शकते. पायथनची नवी आवृत्ती ऑक्टोबरात येते, ३.१४ ही ७ ऑक्टोबर २०२५ ला आली. तिच्या बीटा आवृत्त्या मे महिन्यापासूनच फिरू लागतात. टायपिंग-एक्स्टेन्शन्सला त्या लगेच तपासाव्या लागतात, बाकीच्यांना तेवढी घाई नसते. पायडँटिकचा गाभा रस्ट भाषेत आहे आणि तो पायओ३ या दुव्यातून पायथनला जोडलेला आहे. पायओ३ला ठाऊक असलेल्या कमाल आवृत्तीपेक्षा समोरचा पायथन नवा निघाला, तर ते बांधणीच थांबवतं. म्हणजे एकही टेस्ट चालायच्या आधी निकाल लाल, आणि त्याच्याशी टायपिंग-एक्स्टेन्शन्सच्या कोडचा काडीचा संबंध नाही. १६ जून २०२४ ला पायथनमधल्या आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीची २.० आवृत्ती आली, तेव्हा इतर प्रकल्पांतही असंच काहीसं घडलं. नमपाय १.० नंतर, म्हणजे २००६ नंतरची ही पहिली मोठी आवृत्ती. तिने बायनरी जोडणी बदलली आणि जुन्या नमपायवर बांधलेली अनेक पॅकेजं नुसती इम्पोर्ट करतानाच कोसळू लागली.

अशा वेळी टेस्ट बंद करायची का? माझं मत स्पष्ट आहे : करायची, आणि त्याच दिवशी करायची. महिनाभर लाल राहिलेल्या फेरीकडे कोणी बघत नाही. ‘ते नेहमीच लाल असतं’ हे वाक्य टीममध्ये एकदा रुजलं की खरी चूकही त्याच लाल रंगात खपून जाते.

प्रश्न आहे तो कसं बंद करायचं याचा. इथे मुंबईच्या लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक आठवावा. रेल्वे ‘लोकल बंद’ एवढंच सांगत नाही. कोणता मार्ग, कुठून कुठपर्यंत, किती ते किती, आणि कशासाठी, हे सगळं आधी जाहीर होतं. टेस्टचंही तसंच. पायडँटिक ३.१४ वर चालत नसेल तर सीआयच्या मॅट्रिक्समधून, म्हणजे लायब्ररी आणि पायथन-आवृत्ती यांच्या जोड्यांच्या यादीतून, ‘एक्सक्लूड’ करून ती एकच जोडी काढा. पायडँटिकची सगळी फेरी बंद करण्याचं कारण नाही, ३.१३ वर ती उपयोगाचीच आहे. शेजारी कारण आणि मूळ इश्यूचा दुवा लिहा.

बांधणी होत असेल आणि मोजक्याच टेस्ट पडत असतील, तर पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्ट या साधनात दोन रस्ते आहेत. ‘स्किप’ केलेली टेस्ट चालतच नाही. ‘एक्सफेल’ केलेली चालते, फक्त तिचं अपयश गृहीत धरलेलं असतं. त्याला ‘स्ट्रिक्ट’ जोडलं की गंमत होते : पलीकडच्यांनी दुरुस्ती केली आणि टेस्ट पास झाली, की आपला निकाल लाल होतो. बंदी उठवायची आठवण टेस्टच करून देते. जिथे शक्य आहे तिथे मी स्किपऐवजी हेच सुचवीन. नोड.जेएसवाले लोकप्रिय एनपीएम पॅकेजांच्या टेस्ट चालवतात त्या सिटजीएम या साधनातही असाच फरक आहे. तिथे एका यादीत पॅकेजापुढे ‘स्किप’ किंवा ‘फ्लेकी’ लिहितात. फ्लेकी असेल तर टेस्ट चालते, पण तिच्यामुळे फेरी नापास ठरत नाही.

गिटहब वापरणाऱ्यांसाठी दोन खाचखळगे. अट घालून वगळलेला जॉब तिथे ‘यशस्वी’ म्हणून नोंदला जातो. तो सक्तीचा असला तरी पीआर, म्हणजे सुचवलेला बदल (पुल रिक्वेस्ट), मर्ज होतो. म्हणजे हिरव्या खुणेमागे काहीच चाललेलं नसू शकतं. दुसरं, सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर वेळापत्रकावरच्या फेऱ्या आपोआप बंद होतात. शांत, स्थिरावलेल्या प्रकल्पांना हे नेमकं नडतं.

पुण्यात हिंजवडीला किंवा धार-देवासहून इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला नोकरीसाठी जाणाऱ्या वाचकांच्या वाट्याला यातली ओपन सोर्सची बाजू कमी येत असेल. त्यांची ‘थर्ड पार्टी’ म्हणजे बहुधा पेमेंट गेटवेचा सँडबॉक्स. तो कधी बंद पडेल, कधी त्याच्या उत्तराचा साचा बदलेल, हे आपल्या हातात नाही. अशा टेस्ट पीआरच्या वाटेत ठेवूच नयेत; रात्रीच्या वेगळ्या फेरीत टाकाव्यात आणि सकाळी कोणी निकाल बघायचा, ते माणसाच्या नावासकट ठरवावं.

पुढच्या आठवड्यात लॉक फाइल. तोवर एक करा : आपल्या प्रकल्पात ‘स्किप’, ‘डिसेबल्ड’ आणि ‘इग्नोर’ हे शब्द शोधा, आणि ज्यांच्यापुढे कारण लिहिलेलं नाही त्या टेस्ट एकेक करून पुन्हा चालवून बघा.