निर्णय चिपचा, भार ट्रान्झिस्टरचा

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘एलएम ३५८’ एवढे म्हटले तरी पुरते. आठ पायांची काळी चिप समोर येते. तिच्या पोटात दोन ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, म्हणजे ऑप-ॲम्प असतात आणि ३ पासून ३२ व्होल्टपर्यंतचा सप्लाय तिला चालतो. स्वस्त आणि सोशिक असल्यामुळे पदविकेच्या प्रयोगशाळेपासून कारखान्यातल्या नियंत्रण-बोर्डापर्यंत ती सगळीकडे आहे. विद्यार्थी या चिपच्या आउटपुटला बहुधा सर्वांत आधी एलईडी जोडतो. अंधार पडला की लागणारा दिवा, टाकी भरली की लागणारा दिवा, तापमान वाढले की लागणारा दिवा: हे सगळे नवशिक्यांचे प्रकल्प याच जोडणीवर उभे असतात आणि अनेकदा याच जोडणीवर अडखळतात. दिवा मंद लागतो, बंद व्हायला हवा तेव्हा मिणमिणत राहतो, किंवा पांढरा लावला तर लागतच नाही. दोष चिपला दिला जातो. मला तो मान्य नाही. ऑप-ॲम्प हे निर्णय घेणारे यंत्र आहे आणि आपण त्याच्यावर भार वाहण्याचे काम टाकतो. या दोन कामांतला फरक एलईडीइतक्या स्वच्छपणे दुसरा कुठलाही सुटा भाग दाखवत नाही. म्हणून ऑप-ॲम्पचा परिचय त्याच्या आउटपुटपासून करून घ्यायला हवा.

हे यंत्र जन्मले तेच मुळी गणितासाठी. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधील कार्ल स्वार्ट्झेल यांनी १९४१ मध्ये व्होल्टेजची बेरीज करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या पेटंटसाठी अर्ज केला. विमानविरोधी तोफांचा नेम ठरवणाऱ्या एम ९ या यंत्रणेत असेच ॲम्प्लिफायर वापरले गेले. १९४७ मध्ये जॉन रागाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून ‘ऑपरेशनल ॲम्प्लिफायर’ हे नाव रूढ झाले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीने के २-डब्ल्यू हा व्हॅक्यूम ट्यूबचा ऑप-ॲम्प बाजारात आणला. त्याला अधिक-उणे ३०० व्होल्टचा सप्लाय लागे; आउटपुट अधिक-उणे ५० व्होल्टपर्यंत फिरे, पण करंट देई तो साधारण १ मिलीॲम्पिअर. एवढा करंट त्याला पुरत असे, कारण त्याचे उत्तर पुढच्या ॲम्प्लिफायरला किंवा मीटरला वाचायचे होते. त्या उत्तरावर दिवा पेटवायचा नव्हता. पुढे ट्यूबची जागा सिलिकॉनने घेतली. फेअरचाइल्डमध्ये बॉब विडलर यांनी १९६५ मध्ये ७०९ दिला, तिथेच डेव्ह फुलगर यांनी १९६८ मध्ये ७४१ दिला आणि १९७०च्या दशकात नॅशनल सेमिकंडक्टरकडून ३२४ व ३५८ आले. आकार आणि किंमत घटत गेली, पण स्वभाव तोच राहिला. दोन इनपुटमधला फरक ओळखायचा आणि तो मिटेपर्यंत आउटपुटचे व्होल्टेज हलवत राहायचे, हेच त्याचे काम. ७४१ मध्ये हा फरक साधारण २ लाख पटींनी वाढतो. पाठ्यपुस्तकात ऑप-ॲम्पचे चिन्ह म्हणून काढलेला त्रिकोण हे सगळे नेमके सांगतो. ते व्होल्टेज टिकवायला लागणारा करंट कुठून येतो आणि किती येऊ शकतो, हे मात्र त्या त्रिकोणात कुठेच दिसत नाही.

त्या चित्रात सप्लायच्या दोन पिना बहुतेक वेळा काढलेल्याच नसतात आणि गैरसमज तिथे सुरू होतो. आउटपुटमधून बाहेर पडणारा प्रत्येक मिलीॲम्पिअर सप्लायच्या पिनेतून आत आलेला असतो. कालव्यावरचा पाटकरी दार उघडतो, पाणी धरणाचे असते. ऑप-ॲम्पचे आणि सप्लायचे नाते तसेच आहे. ३५८ च्या आउटपुटमध्ये वरच्या बाजूला, म्हणजे सप्लायकडून करंट पुढे ढकलण्यासाठी, डार्लिंग्टन जोडणीतले एनपीएन ट्रान्झिस्टर आहेत. खालच्या बाजूला, म्हणजे करंट ग्राउंडकडे ओढण्यासाठी, एक पीएनपी ट्रान्झिस्टर आणि सुमारे ५० मायक्रोॲम्पिअरचा एक छोटा करंट-स्रोत आहे. या रचनेतूनच चिपच्या सगळ्या मर्यादा निघतात. डार्लिंग्टनमुळे आउटपुट सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्ट खालीच थांबते: ५ व्होल्टवर साडेतीन, ९ व्होल्टवर साडेसात, भार वाढला की आणखी थोडे खाली. ग्राउंडकडे ओढताना आउटपुट जवळपास शून्यापर्यंत जाते ते फक्त काही मायक्रोॲम्पिअरपुरते. एलईडीसाठी लागणारे मिलीॲम्पिअर ओढायला लावले की ते पाऊण व्होल्टच्या आसपास अडते. बाहेर ढकलायचा करंट नमुन्यादाखल, म्हणजे डेटाशीटमधल्या ‘टिपिकल’ आकड्याप्रमाणे, ४० मिलीॲम्पिअर असला तरी २५ अंश तापमानाला हमी २० ची असते. ओढायचा नमुन्यादाखल २०, हमी १० ची. चिपला लागू असलेल्या पूर्ण तापमानमर्यादेसाठी या दोन्ही हमी निम्म्यावर येतात.

आता एलईडीचा स्वभाव पाहू. जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाशाचा एलईडी केला. प्रखर निळा एलईडी निचियामध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये आणला आणि त्यातून पुढे पांढरा आला. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, निळ्या-पांढऱ्यावर ३ ते साडेतीन. एलईडी हा शेवटी डायोड आहे. त्यावरचे व्होल्टेज अंशाअंशाने वाढवले की करंट पटीपटीने वाढतो. शिवाय तो तापला की त्याच करंटला लागणारे व्होल्टेज दर अंशामागे साधारण २ मिलीव्होल्टने घटते. म्हणजे व्होल्टेज पक्के धरून ठेवले, तर तापलेला एलईडी अधिक करंट ओढतो आणि आणखी तापतो. त्याची प्रखरता करंटवर ठरते आणि आयुष्यही करंटवरच ठरते. व्होल्टेज पक्के धरणारे यंत्र आणि करंट पक्का मागणारा भार अशी ही गाठ आहे. मध्ये काहीतरी हवेच. सर्वांत साधे उत्तर म्हणजे रेझिस्टर.

रेझिस्टर किती विश्वासार्हपणे काम करतो, ते आकडे मांडून पाहू. सप्लाय १२ व्होल्टचा, आउटपुट साडेदहावर, एलईडी लाल, २ व्होल्टचा. उरले साडेआठ, १० मिलीॲम्पिअरसाठी ८५० ओहम. चिपची घट आणि एलईडीचे व्होल्टेज हे दोन्ही नमुन्यानमुन्याला ०.२ व्होल्टने इकडेतिकडे होतात असे धरले, तर उरलेले व्होल्टेज ८.१ ते ८.९ च्या दरम्यान राहील आणि करंट साडेनऊ ते साडेदहा. डोळ्याला फरकही कळणार नाही. आता तेच चित्र ५ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीसाठी काढू. आउटपुट ३.५, एलईडी ३.१, उरले फक्त ०.४ व्होल्ट. १० मिलीॲम्पिअरसाठी रेझिस्टर येतो ४० ओहमचा. तेवढाच ०.२ चा फरक दोन्हीकडे धरला, तर उरलेले व्होल्टेज शून्य ते ०.८ आणि करंट शून्य ते २० मिलीॲम्पिअर. आराखडा एकच, पण एका विद्यार्थ्याचा दिवा लागणार नाही आणि शेजारच्याचा लख्ख पेटेल. गणित दोघांचेही बरोबर असेल. रेझिस्टरला काम करायला व्होल्टेजची जागा लागते, आणि ती जागा चिपच्या आउटपुटने आधीच खाऊन टाकलेली असते.

खालच्या टोकाला याहून वेगळा त्रास होतो आणि तो ७४१ वर अधिक दिसतो. ही चिप अधिक-उणे १५ व्होल्टच्या दुहेरी सप्लायसाठी घडवली होती. तिचे आउटपुट दोन्ही टोकांपासून साधारण एक व्होल्ट आत थांबते. १० किलोओहमच्या भारावर हमी तर अधिक-उणे १२ व्होल्टचीच, म्हणजे टोकापासून तीन व्होल्ट आत. अशा चिपला एकच ९ व्होल्टची बॅटरी दिली की ‘बंद’ अवस्थेतही आउटपुटवर एक-दोन व्होल्ट उरतात आणि लाल एलईडी मिणमिणत राहतो. दुहेरी सप्लाय दिला तर मिणमिणणे जाते, पण आउटपुट उणे १३ व्होल्टच्या आसपास गेले की एलईडीवर उलटे व्होल्टेज येते, आणि बहुतेक साध्या एलईडींची उलटी सहनशक्ती ५ व्होल्टचीच असते. एलईडीला समांतर, उलट्या दिशेने एक १एन ४१४८ डायोड जोडला की तो वाचतो. हा उपाय अनेक आराखड्यांत नसतो. दिवा काही काळ लागतो, एवढ्यावरच आराखडा पास ठरतो.

रेझिस्टरशिवायच एलईडी जोडणाऱ्यांचा युक्तिवाद इथे विचारात घ्यायला हवा. चिपमध्ये करंटची मर्यादा आहेच, ७४१ चा शॉर्ट-सर्किट करंट साधारण २५ मिलीॲम्पिअर असतो. मग रेझिस्टर कशाला, असे ते विचारतात. हे सोयीचे खरे, शिवाय अनेकदा चालूनही जाते. पण ती मर्यादा संरक्षणासाठी आहे. ७०९ मध्ये असे संरक्षण नव्हते. चुकून आउटपुट शॉर्ट झाले तर चिप मरू नये म्हणून ते पुढच्या पिढीत आले. ३५८ मध्ये आउटपुट ग्राउंडला शॉर्ट केल्यास नमुन्यादाखल ४० आणि कमाल ६० मिलीॲम्पिअर वाहतात. नेहमीच्या ५ मिलीमीटरच्या एलईडीची सततची मर्यादा २० च्या आसपास असते. म्हणजे या मर्यादेने वाचते ती चिप. एलईडी वाचत नाही. उष्णतेचा हिशेब तर वेगळाच. ९ व्होल्टवर ४० मिलीॲम्पिअर वाहत असताना एलईडीवर २ व्होल्ट पडले तर उरलेले ७ व्होल्ट चिपच्या आत जिरतात: २८० मिलीवॅट. आठ पायांच्या डिप वेष्टनात एवढ्याने चिप तीसेक अंशांनी तापते आणि शेजारच्या ऑप-ॲम्पचे मोजमापही त्या उष्णतेने सरकते. जी चिप सूक्ष्म फरक ओळखण्यासाठी घेतली, तिलाच आपण तापवत बसतो.

उपाय जुना आहे. चिपच्या आउटपुटला बीसी ५४७ सारख्या एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस जोडायचा, एमिटर १०० ओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला न्यायचा आणि एमिटरवरचे व्होल्टेज चिपच्या इनव्हर्टिंग इनपुटला परत द्यायचे. एलईडी सप्लाय आणि कलेक्टर यांच्यामध्ये बसतो. नॉन-इनव्हर्टिंग इनपुटला १ व्होल्ट दिला की चिप एमिटरवर १ व्होल्ट येईपर्यंत बेस ढकलते आणि १०० ओहममधून १० मिलीॲम्पिअर वाहतात. एलईडी लाल असो की पांढरा, गार असो की तापलेला, करंट तोच. चिपच्या आउटपुटला फक्त १.७ व्होल्ट आणि सुमारे ०.१ मिलीॲम्पिअर द्यावे लागतात. दोन्ही तिच्या मर्यादेच्या बरेच आत. आधीचा अडलेला प्रश्न आता पुन्हा मांडू: सप्लाय ५ व्होल्ट, एलईडी पांढरा. रेझिस्टरवर १ व्होल्ट, एलईडीवर ३.१, ट्रान्झिस्टरसाठी ०.९ उरतात, आणि त्याचे काम ०.२ मध्येही भागते. तोच सप्लाय, तोच एलईडी, तीच चिप. फरक केवळ भार कुणी वाहायचा याचा. फीडबॅकचे सामर्थ्य इथे कळते. एलईडीचा स्वभाव आपल्याला माहीत असण्याची गरजच उरत नाही, कारण मोजला जातो तो प्रत्यक्ष करंट. बेसचा करंटही एमिटरमधून जातो म्हणून शेकडा एकाची चूक राहते, चिपच्या ऑफसेटमुळे, म्हणजे दोन इनपुटमधल्या अंगभूत तफावतीमुळे, कमाल ७ मिलीव्होल्टची. १ व्होल्टच्या मानाने ती शेकडा एकाहूनही कमी.

यावरही आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की आता रेल-टू-रेल, म्हणजे सप्लायच्या दोन्ही टोकांच्या अगदी जवळ जाणाऱ्या आउटपुटच्या चिपा सहज मिळतात, मग दीड व्होल्टचे रडगाणे कशाला? व्होल्टेजची जागा त्यांनी वाढवली हे खरे. पण एमसीपी ६००२ सारख्या चिपचा शॉर्ट-सर्किट करंट साडेपाच व्होल्टवर सुमारे २३ मिलीॲम्पिअर आणि १.८ व्होल्टवर अवघा ६ असतो. शिवाय टोकाला चिकटण्याचे वचन हलक्या भाराचे असते. दुसरा आक्षेप असा की नुसते चालू-बंद करायचे असेल तर एलएम ३९३ हा कंपॅरेटर आहे, दहा दिव्यांच्या पट्टीसाठी २ ते ३० मिलीॲम्पिअर ठरवून देणारा एलएम ३९१४ आहे, मग ऑप-ॲम्प का? नक्कीच, त्या कामांना तेच घ्यावेत. त्यांची निवड योग्य ठरते, कारण त्यांचे आउटपुट त्या कामांसाठीच घडवले आहे. माझे म्हणणे यातून खोडले जात नाही, पक्के होते. तिसरा आक्षेप उष्णतेचा आणि तो मी पूर्ण मान्य करतो. एक वॅटचा एलईडी ३५० मिलीॲम्पिअरवर १२ व्होल्टच्या सप्लायमधून याच पद्धतीने चालवला, तर एलईडीला १.१ वॅट मिळतात आणि सुमारे ३ वॅट नुसते तापण्यात जातात. तिथे स्विचिंग ड्रायव्हरच हवा. पण ट्रान्झिस्टरची जोडणी जिथे शोभते ती क्षेत्रे लहान नाहीत: ऑप्टोकप्लर, रंग मोजणारी उपकरणे, प्रकाशाचे सेन्सर. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरचे वाचनही लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन एलईडींच्या नियंत्रित प्रकाशावर आधारलेले असते. प्रकाशावरून मोजमाप करायचे तर एलईडीचा करंट हातात असावाच लागतो.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा: आदर्श ऑप-ॲम्प आधी शिकवला नाही तर फीडबॅक समजणारच नाही. बरोबर आहे. रमाकांत गायकवाड यांच्यासारख्यांच्या पाठ्यपुस्तकांतून भारतातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना हा विषय कळला तो त्या स्वच्छ मांडणीमुळे, आणि ती सोडावी असे मला वाटत नाही. पण आदर्श चित्र आणि ब्रेडबोर्ड यांच्यामध्ये एक तास डेटाशीटचा असायला हवा. त्या तासाला विद्यार्थ्याने तीन ओळी शोधून काढाव्यात: आउटपुट कुठल्या टोकापर्यंत जाते, किती करंट ढकलण्याची हमी आहे, किती ओढण्याची. नमुन्याचा आकडा सोडून हमीचा आकडा वहीत लिहावा. मग एलईडीचे व्होल्टेज वजा करून रेझिस्टरसाठी किती जागा उरते ते पाहावे. २ व्होल्ट उरत असतील आणि करंट हमीच्या निम्म्यात बसत असेल, तर रेझिस्टर लावून खुशाल पुढे जावे. नसेल तर बीसी ५४७ लावावा. प्रयोगशाळेच्या वहीत ही पाच मिनिटांची आकडेमोड सक्तीची करावी, अशी पदविका आणि पदवीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे.