संगणकाचा लेथ आणि माणसाचे माप

अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना जिनिंगचा कारखाना नवा नाही. जिनातील रोलर रुई ओढून घेतो आणि पट्टीच्या धारेशी सरकी अडते. या रोलरचा दांडा बेअरिंगमध्ये फिरतो. तेथे त्याचा व्यास दोन शतांश मिलिमीटरनेही चुकला, तर बेअरिंग सैल बसते किंवा घट्ट होऊन तापते. ऐन हंगामात जिन थांबले की कापसाच्या गाड्या फाटकाशी तिष्ठत राहतात. असा दांडा मापात कातणे हे लेथचे काम.

लेथवर जॉब फिरतो व हत्यार सरकते. जुन्या लेथवर टर्नर हाताने चाक फिरवून हत्यार सरकवतो. नव्या लेथवर ते काम संगणकाच्या हुकमाने मोटर करते. आकड्यांच्या हुकमाने चालणारे यंत्र अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने १९५२ साली लोकांसमोर चालवून दाखविले. ते लेथ नव्हते, मिलिंगचे यंत्र होते. पण तत्त्व तेच.

ते तत्त्व असे. समजा, गाडा सरकवणारा स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे नेतो, आणि त्याला जोडलेला मोजक त्या फेऱ्याचे ५,००० भाग मोजतो. मग प्रत्येक भाग मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, म्हणजे एक मायक्रॉन झाला. जायचे कोठे आणि पोहोचलो कोठे, हा ताळा संगणक सेकंदात शेकडो वेळा घेतो आणि उरलेला फरक मोटरकडून भरून काढतो.

परंतु हा मोजक स्क्रू मोजतो, दांडा मोजत नाही. हत्याराची धार ०.०१ मिलिमीटर झिजली, तर गाडा बिनचूक जागी पोहोचूनही दांडा ०.०२ मिलिमीटर जाड राहतो. कारण झीज त्रिज्येत होते, फरक व्यासात दुप्पट पडतो. पडद्यावरचे आकडे मात्र बरोबरच दिसतात. चूक कळते ती मायक्रोमीटरने. मग टर्नर तेवढी दुरुस्ती संगणकात भरतो. त्यातही जॉब निवू द्यावा लागतो. ५० मिलिमीटरचा पोलादी दांडा मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे ०.०१ मिलिमीटर जाड भरतो.

म्हणून आपल्या मुलांना हे यंत्र शिकवताना नुसती बटणे शिकवून भागणार नाही, असे आम्हांस वाटते. हुकूम पाळणे यंत्राला येते; हुकूम अजून बरोबर आहे की नाही, हे माणसाने मोजून पाहायचे असते. ज्याला मायक्रोमीटर नीट धरता येतो, त्याच्याच हाती हा लेथ सोपवावा.