ठाण्यात राहायला किती लागतं?

६२,७३३ रुपये. घोडबंदर रोडवर एक कोटीचं घर घेतलं, त्यातले ७५ लाख बँकेकडून उचलले, व्याज ८ टक्के आणि मुदत वीस वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता एवढा बसतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळात घरगुती खर्चाची देशव्यापी पाहणी केली. तीत शहरी भारतातला दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचा २७,९८४ रुपये. किराणा, दूध, कपडे, औषधं, शाळा, प्रवास, घरभाडं असं सगळं भागवून सरासरी शहरी कुटुंब जेवढा खर्च करतं, त्याच्या सव्वादोन पट रक्कम ठाण्यातलं हे कुटुंब नुसत्या हप्त्यापोटी देतं. आणि त्या दिवशीची भाजी अजून आणायचीच असते.

एक कोटी हा आकडा हिशेबाला सोपा आहे, पण मनचा नाही. कारपेटचा भाव चौरस फुटाला १५,००० रुपये धरला, तर ६४५ फुटांचं टूबीएचके पावणेसत्त्याण्णव लाखांना पडतं. नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत या पैशात एवढी जागा मिळणार नाही. कासारवडवलीच्या पुढे थोडी जास्त मिळेल. पुढचा सगळा हिशेब याच घराचा आहे.

ठाणं महाग आहे असं आपण सरसकट म्हणतो, पण यादी करून पाहिली तर महाग गोष्टी फार थोड्या निघतात. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किंमत ठाण्यात आणि लातुरात एकच असते. जांभळी नाक्यावरची भाजी दादरच्या तुलनेत महाग नसते. रिक्षाचा मीटर बोरिवलीत जिथून सुरू होतो, तिथूनच ठाण्यात होतो: १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. ठाण्यात खरोखर महाग आहेत त्या गोष्टी दोनच, जमीन आणि अंतर. या दोन्हींचा बोजा सगळ्या ठाणेकरांवर सारखा पडत नाही. तो जवळजवळ संपूर्णपणे उशिरा आलेल्यावर पडतो.

उंबरठ्याच्या आत येण्याआधी

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांपेक्षा मोठं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देता येतं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची मुभा आहे, पण एक कोटीच्या घराला तिचा उपयोग नाही. दोन्ही नियमांनी हाती ७५ लाखच येतात. उरलेले २५ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७ लाख. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतलं तर जीएसटी ५ टक्के, आणखी ५ लाख. बेरीज ३७ लाख ३० हजार. मुद्रांक शुल्कासाठी किंवा जीएसटीसाठी सहसा वेगळं कर्ज मिळत नाही. ही रक्कम शिल्लक म्हणून हातात हवी, आणि बत्तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरदार जोडप्याकडे ती सहसा येते ती वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून, गावची जमीन विकून किंवा भविष्य निर्वाह निधी मोडून. घरखरेदीच्या बातम्यांत ही बाजू येत नाही, पण पहिली कुऱ्हाड इथे पडते.

त्या ७ टक्क्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे, मुंबईच्या हद्दीत, हाच दर ६ टक्के आहे. मुंबईत मूळ ५ टक्के आणि मेट्रोचा १ टक्का. ठाण्यात मूळ ५, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. म्हणजे स्वस्त म्हणून जो मुंबई सोडून ठाण्यात येतो, त्याला एक कोटीच्या व्यवहारावर एक लाख जास्त मोजावे लागतात. मेट्रोचा उपकर १ एप्रिल २०२२ पासून सुरू झाला. घोडबंदर रोडवर मेट्रोची चाचणी फेरी झाली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या साडेतीन वर्षांत ज्यांनी घरं घेतली, त्यांनी मेट्रोचे पैसे आगाऊ भरले आणि प्रवास मात्र खोदलेल्या रस्त्यावरून केला. (घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे. ती जरूर घ्यावी.) शिवाय १ एप्रिल २०२५ रोजी रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मालमत्ता-मूल्याचे, दर वाढले, तेव्हा मुंबईतली सरासरी वाढ ३.३९ टक्के होती आणि ठाण्यातली ७.७२ टक्के. करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं.

परवडणाऱ्या घरांना जीएसटी १ टक्काच आहे, हे खरं. २०१९ साली त्याच्या दोन अटी ठरल्या: महानगरात घर ६० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांच्या आत. ६० चौरस मीटर म्हणजे ६४६ चौरस फूट, आपलं टूबीएचके त्यात जेमतेम बसू शकतं. पण एवढं घर ४५ लाखांत मिळायला भाव फुटाला ६,९६६ रुपयांच्या खाली हवा. आपण धरलेला भाव त्याच्या दुपटीहून जास्त आहे. १५,००० च्या भावाने ४५ लाखांत तीनशे फूट मिळतात. चौघांच्या कुटुंबाला मोठं म्हणता येणार नाही एवढं घर क्षेत्रफळाच्या अटीत पास होतं आणि किमतीच्या अटीत नापास. म्हणून त्याच्यावर आलिशान घराएवढाच ५ टक्के कर बसतो. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

हप्त्याच्या आत काय असतं

पहिल्या महिन्याच्या ६२,७३३ रुपयांत व्याज असतं पूर्ण ५०,००० रुपये. मुद्दल फिटतं १२,७३३. पहिल्या वर्षभरात बँकेला साडेसात लाख रुपये दिले तरी कर्ज कमी होतं सुमारे १ लाख ५९ हजारांनी. उरलेले ५ लाख ९४ हजार व्याजात जातात. वीस वर्षांत ७५ लाखांचे दीड कोटी होतात. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, म्हणजे पहिल्या वर्षीच्या व्याजाच्या जेमतेम एक तृतीयांश. नव्या प्रणालीत तीही नाही.

आठ टक्के हा दरही कायमचा नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि गृहकर्जाचे दरही त्याच्यामागे चढले. समजा कुणी त्याआधी ७ टक्क्यांनी ७५ लाख घेतले होते. त्याचा हप्ता ५८,१४७ रुपये. दर साडेनऊ झाल्यावर तेवढ्या रकमेचं एका महिन्याचं व्याजच ५९,३७५ रुपये होतं. हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल फिटणं दूरच. त्या काळात बँकांनी अनेकांचे हप्ते फारसे न वाढवता मुदत वाढवली. वीस वर्षांचं कर्ज निवृत्तीपलीकडे गेल्याचं लोकांना खात्याचा उतारा उघडल्यावर कळलं. ज्यांच्या कर्जाला पहिली दोन-तीन वर्षंच झाली होती, त्यांना हा फटका सगळ्यात जास्त बसला.

आता हेच घर भाड्याने घेतलं तर? आपल्याकडच्या मोठ्या शहरांत वर्षाचं भाडं साधारण घराच्या किमतीच्या अडीच-तीन टक्के असतं. तीन टक्के धरले तर महिन्याला २५,०००. वर ३७ लाख ३० हजार आपल्याकडेच राहिले. साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत त्यांचं वर्षाला २ लाख ४२ हजार व्याज येतं. मालकाच्या वर्षाचा हिशेब मांडा: व्याज ५.९४ लाख, बुडालेलं ठेवीचं व्याज २.४२ लाख, सोसायटीचा मेंटेनन्स महिना ५,००० धरून ६० हजार, आणि वाचलेलं भाडं उणे ३ लाख. निव्वळ ५ लाख ९६ हजार. याचा अर्थ घराची किंमत दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढली, तर पहिल्या काही वर्षांत मालक आणि भाडेकरू बरोबरीत सुटतात. त्याहून कमी वाढली तर मालक तोट्यात.

तरी लोक घर घेतात आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. अकरा महिन्यांचा करार, दर नव्या घरामागे एक महिन्याचं भाडं दलालाला, मुलीची शाळा मध्येच बदलायची धास्ती, घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की सामान बांधायचं. भाड्याच्या घरात म्हातारपण काढायची भीती तर कुठल्याच कोष्टकात बसत नाही. सुरक्षित, दीर्घ मुदतीचं भाड्याचं घर मिळायची सोय नाही, म्हणून लोक वर्षाला सहा लाख जास्त मोजून स्थैर्य विकत घेतात.

एकच मजला, दोन शहरं

एखाद्या जुन्या सोसायटीत एका मजल्यावर समोरासमोर दोन घरं असतात. एकाने नव्वदीच्या दशकात घर घेतलं. तेव्हा व्याजाचे दर १४ टक्क्यांच्या वर होते, दिवस सोपे नव्हते, पण मुद्दल आजच्या मानाने लहान होतं आणि ते कधीच फिटलं. दुसऱ्याने मागच्या वर्षी रीसेलमध्ये घेतलं. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च दोघांना समान. वाणी एकच, दूधवाला एकच. पण एकाचा घराचा खर्च ५,००० आणि दुसऱ्याचा ६७,७३३. किरकोळ महागाईच्या निर्देशांकाला हा फरक दिसतही नाही. २०१२ पाया धरलेल्या मालिकेत शहरी भागासाठी घर या गटाला २१.६७ टक्के भार होता, पण त्यात मोजलं जात होतं भाडं. हप्ता आणि घराची किंमत त्यात येत नाही.

भत्त्यांची गतही तीच. केंद्र सरकारच्या नोकरीत सहाव्या स्तरावर लागलेल्याचं मूळ वेतन ३५,४००. बृहन्मुंबई नागरी समूहात, म्हणजे ठाण्यातही, घरभाडं भत्ता ३० टक्के: १०,६२० रुपये. भाडं २५,०००. सरकारी नोकरी लागलेल्याची ही स्थिती, तर कंत्राटी कामगाराचं काय बोलावं?

अंतराचा भाव

१८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ३४ किलोमीटर. आजही त्या अंतराचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सव्वादोनशे रुपयांच्या आत मिळतो. पण कासारवडवली ते ठाणे स्टेशन हे नऊ-दहा किलोमीटर मीटरच्या रिक्षाने काढले तर नऊ किलोमीटरलाच १५५ रुपये होतात. जाऊन-येऊन ३१०. महिनाभराच्या लोकलपेक्षा एका दिवसाची रिक्षा महाग. म्हणून टीएमटीची बस नाहीतर शेअर रिक्षाची रांग. पैसे वाचतात, वेळ जातो.

हे अंतर आपोआप वाढलेलं नाही. ठाणं एके काळी कारखान्यांचं गाव होतं. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, आणि तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट. रेमंडची गिरणी १९२५ पासून इथे होती. २००९ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. त्या जमिनीपैकी २० एकर २०१९ मध्ये ७०० कोटींना विकली गेली, एकराला ३५ कोटी. ग्लॅक्सोची ६० एकर जमीनही त्याच दशकात ५५५ कोटींना बांधकाम कंपनीकडे गेली. जिथे चालत कामावर जाता येत होतं, तिथे आता टॉवर आहेत आणि तिथले रहिवासी कामाला ऐरोलीला, पवईला, बीकेसीला जातात. महापालिका हद्दीची लोकसंख्या १९९१ मध्ये ८ लाख ३ हजार होती, २०११ मध्ये १८ लाख ४१ हजार झाली.

टॉवरमध्ये पोळ्या करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, रात्री गेटवर बसणाऱ्या माणसांना यातलं काहीच परवडत नाही. ती कळव्यात, लोकमान्यनगरात, किसननगरात किंवा त्याच महापालिकेच्या दिव्यात राहतात. दिव्यात घर स्वस्त मिळतं ते बहुतेकदा इमारत अनधिकृत असते म्हणून. आणि स्वस्त घराची उरलेली किंमत गाडीत चुकती होते. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं खाली पडली. त्यातली किमान चार गेली. घरांच्या भावाची चर्चा करताना हा आकडा त्याच पानावर छापला जायला हवा.

यातलं काही बदलता येण्यासारखं आहे. जीएसटीच्या सवलतीतली ६० चौरस मीटरची अट ठेवून ४५ लाखांची मर्यादा त्या त्या शहराच्या रेडी रेकनरला बांधली, तर या घरावरचा कर पाचवरून एक टक्क्यावर येईल आणि जवळपास चार लाख वाचतील. पहिल्या घरापुरतं मुद्रांक शुल्क मुंबईएवढं केलं तर आणखी एक लाख. ३७ लाखांचे ३२ लाख होतील. पण सहा-सात लाख शिल्लक असलेल्याला त्याने काही फरक पडत नाही. त्याला भाड्याचं घर हवं. एमएमआरडीएने २००८ मध्ये भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आणली होती, १६० चौरस फुटांच्या खोल्यांची. वर्तकनगर परिसरात अशा इमारती उभ्याही राहिल्या, आणि धोकादायक इमारतींतून हलवलेल्या कुटुंबांना ठेवायला महापालिकेने त्या वापरल्या. ती गरजही खरीच होती. पण नर्स, बसचालक, सफाई कामगार यांना दहा-बारा हजारांत, पाच-दहा वर्षांच्या कराराने मिळेल असं साडेतीनशे फुटांचं घर ठाण्यात आजही कुणी बांधत नाही. गिरण्या आणि कारखान्यांच्या ज्या जमिनी अजून विकल्या जायच्या आहेत, त्यांच्या परवानगीतच अशा घरांचा वाटा लिहून घ्यावा लागेल. विक्री झाल्यावर तो मागून मिळणार नाही.