न दुखणारा चट्टा

शरीरांतील सर्वांत मोठें इंद्रिय कोणतें, असें वर्गांत विचारलें असतां कोणी यकृत म्हणतो, कोणी फुप्फुस म्हणतो. ज्या त्वचेनें तो स्वतः वेढलेला आहे तिचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. प्रौढ मनुष्याची त्वचा पसरली तर सुमारें २ चौरस मीटर भरेल.

तिचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा तळहात व तळपाय सोडले तर कागदाएवढीच पातळ असते. तिच्या तळाशीं नव्या पेशी निपजतात आणि वर सरकत सरकत महिना-दीड महिन्यांत मृत होऊन झडतात. वर्णाचें रंगद्रव्यहि येथेंच तयार होतें. तें निर्माण करणाऱ्या पेशी गोऱ्या व सांवळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच संख्येनें असतात, हें वधुपरीक्षेस बसणाऱ्या वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे! खालच्या अंतस्त्वचेंत रक्तवाहिन्या, केसांचीं मुळें, घर्मग्रंथि आणि मज्जातंतूंचीं असंख्य टोकें असतात. घामानें शरीर थंड राहतें, हें सर्वांस ठाऊकच आहे; मला सांगावयाचें आहे तें मज्जातंतूंविषयीं.

मित्रास डोळे मिटावयास सांगून कर्कटकाचीं दोन टोकें त्याच्या बोटाच्या अग्रास हलकेच लावा. त्यांत २-३ मिलिमीटरच अंतर असलें तरी तो ‘दोन’ म्हणेल. पाठीवर मात्र तीं ३-४ सेंटिमीटर दूर नेईपर्यंत त्यास एकच टोंक भासेल. जेथें काम अधिक, तेथें पहारा अधिक.

हा पहारा उठला म्हणजे काय होतें? कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या करंगळीवर मोठा फोड दिसला. “केव्हां भाजलें?” म्हणून विचारतां तो म्हणाला, “कळलेंच नाहीं, सर.” त्याच्या हातावर एक फिकट चट्टा होता. वडिलांस बोलावलें, तेव्हां ते खालीं पाहून म्हणाले, “दोन वर्षें झालीं, मास्तर. दुखत नव्हता, आणि थोरलीचें लग्न व्हावयाचें होतें.”

तो कुष्ठरोग होता. त्याचा जंतु नॉर्वेंतील डॉ. हान्सेन यांनीं १८७३ सालीं शोधला. तो त्वचेवर व तिच्या मज्जातंतूंवर घाला घालतो. बोटें रोगानें आपोआप गळतात, हा समज चुकीचा आहे. वेदना नसल्यामुळें भाजलेलें-कापलेलें कळत नाहीं, जखमा चिघळतात व बोटें झिजतात, हें वेलोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें. बहुतेक माणसांस हा रोग जडतच नाहीं, आणि औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस भय राहत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं शिफारस केलेली बहुविध औषधयोजना सरकारी आरोग्यकेंद्रांत मोफत मिळते. ती रोगाच्या प्रकाराप्रमाणें ६ किंवा १२ महिने घ्यावी लागते. मुलाच्या अंगावर फिकट वा तांबूस चट्टा दिसल्यास त्याचे डोळे मिटवून त्यावर कापसाची वात फिरवावी. स्पर्श कळला नाहीं तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसहि लावूं नये.

आमचा तो विद्यार्थी बरा झाला व पुढें शिकला. परंतु गेलेली संवेदना त्याच्या दोन बोटांत परत आली नाहीं. चहाचा पेला तो अजूनहि आधीं डाव्या हातानें चांचपतो आणि मगच उजव्या हातानें उचलतो.