फर्मेंटरमधलं गणित

पंचगंगा, भोगावती, वारणेच्या काठचा ऊस गाळून झाला आणि कारखान्याची धुराडी थंडावली, तरी डिस्टिलरी पुढे साठवलेल्या मळीवर चालू राहू शकते. २०१८च्या जैवइंधन धोरणानं बी-हेवी मळी (साखर पूर्ण काढून न घेतलेली मळी) आणि उसाच्या रसापासूनही इथेनॉल काढायची वाट मोकळी केली. तेव्हापासून कोल्हापुरात उसाच्या दराची चर्चा इथेनॉलपर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही. यीस्ट मळी आंबवतं त्या टाकीच्या, म्हणजे फर्मेंटरच्या आत काय घडतं, याबद्दल मात्र काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

पहिली समजूत अशी, की साखर जितकी जास्त घालावी तितकं अल्कोहोल जास्त.

कागदावर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे वजनानं सुमारे ५१ टक्के अल्कोहोल. प्रत्यक्षात तेवढं कधीच हाती येत नाही, कारण थोडी साखर यीस्टच्या वाढीत आणि ग्लिसरॉलमध्ये जाते. शिवाय घट्ट मळीतली साखर आणि क्षार पेशीतलं पाणी ओढून घेतात, आणि यीस्ट स्वतःच बनवलेल्या अल्कोहोलनं मंदावतं. म्हणून अनेक ठिकाणी मळी एकदम न ओतता बेतानं सोडतात. हा बेत ठरवायला गणित लागतं.

ब्रिक्स जास्त म्हणजे साखर जास्त, हेही खरं नाही. ब्रिक्समध्ये विरघळलेलं सगळंच मोजलं जातं, क्षारसुद्धा. यीस्टच्या उपयोगाची साखर प्रयोगशाळेत वेगळी काढावी लागते. हा आकडा चुकला, की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

जिवंत गोष्ट समीकरणात बसत नाही, असं अनेकांना वाटतं. पण फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४२ साली जिवाणूंची वाढ अवघ्या दोन स्थिरांकांच्या समीकरणात मांडली: अन्न कमी असताना वाढ अन्नाच्या प्रमाणात होते, मुबलक झाल्यावर वेग एका मर्यादेला टेकतो. यीस्टसाठी त्यातच अल्कोहोलचा अडथळा आणि तापमान जोडतात.

मग अशा समीकरणांचं मॉडेल आलं, की माणूस नको? गुळव्या काहिलीतला पाक बघून ओळखतो, तसा मुरलेला ऑपरेटर फेसावरून बरंच ओळखतो. मॉडेल त्याला न दिसणारं दाखवतं. काळ्या वॉशमधलं (आंबणाऱ्या मळीच्या द्रावणातलं) अल्कोहोल क्षणोक्षणी मोजणं अवघड, पण बाहेर पडणारा वायू मोजता येतो, आणि दर ४४ ग्रॅम वायूमागे ४६ ग्रॅम अल्कोहोल तयार झालेलं असतं.

मॉडेलचा अंदाज चुकला म्हणजे ते टाकाऊ, ही समजूत तर सर्वांत नुकसानीची. साखर घटते आहे, पण वायू अपेक्षेइतका निघत नाही, असं दिसलं तर साखर दुसरीकडे जाते आहे. लॅक्टिक आम्ल बनवणारे काही जिवाणू साखर खातात आणि वायू सोडतच नाहीत. अंदाज आणि मोजमाप यांतली ही फट दिसली, की केमिस्टनं लगेच नमुना काढून आम्लता तपासावी आणि थेंबभर वॉश सूक्ष्मदर्शकाखाली बघावा.